घवाल्यांची घरघर

शब्दकोशाच्या कार्यालयात माणसाला नाव नसतं, अक्षर असतं. माझ्याकडे 'ग' होता आणि शेजारच्या टेबलावर 'घ'. त्या टेबलामागच्या उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांना आम्ही सगळे घवाले म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, स्वभाव गरीब गायीचा. पण कुणी शब्दाला हात लावला की गाय शिंगं उगारायची.

आमच्या संपादकांचा एक नियम होता. आवाजाचा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही. बाकीचे आम्ही हातचं राखून नियम पाळायचो. घवाले मात्र 'घोंघावणे'साठी मधमाश्यांच्या पोळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि चेहरा भोपळ्याएवढा करून परतले. अर्थ चोख लिहिला होता, चष्मा मात्र महिनाभर नाकावर बसेना.

मग 'घरघर' आली. पहिला अर्थ जात्याचा, दुसरा यंत्राचा. दुसऱ्यासाठी ते पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तासन्‌तास बसून आले. उगमावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, संस्कृतातला घर्घर, विषय संपला.

"आणि संस्कृतवाल्यांनी कुठून आणला?" घवाले म्हणाले. "दगडावर दगड फिरला, तोच बोलला. आपण सगळे नुसते लिहून घेणारे."

तिसरा अर्थ जुन्या कोशांतही होता: मरणाच्या वेळी घशातून येणारा आवाज. प्रत्येक अर्थाची वेगळी चिठ्ठी लिहायची असे; ही त्यांनी कोरीच ठेवली. मी आठवण करून दिली की म्हणायचे, "ऐकलेला नाही." आणि टेबल पुसायला घ्यायचे.

खरं कारण मला ठाऊक होतं. घरी त्यांची ताई होती. त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील मुळातच अबोल, म्हणून या ताईनंच त्यांना वाढवलं, शिकवलं आणि त्यापायी स्वतःचं लग्न राहू दिलं. त्या हिवाळ्यात तिची छाती भरली होती. घवाले डबा उघडायचे आणि घास हातात तसाच धरून बसायचे. ताई गेली तर या माणसाचं काय होणार, याची मलाही धास्ती होती.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाई, तिसरा अर्थ ऐकू येतोय," ते म्हणाले.

मी चपला घालून निघाले ती धावतच. पोचले तर दारात ही गर्दी. घवाल्यांनी डॉक्टर सोडून सगळ्यांना फोन केले होते. चुलत बहीण येतानाच रडत आली होती. शेजारच्यांनी खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. एका चुलत भाच्यानं तर लांबच्या नातेवाइकांना 'गेली' म्हणून कळवूनही टाकलं होतं. आत ताई उताणी पडलेली, तोंड उघडं, आणि घशातून तो आवाज. माझीही पाचावर धारण बसली.

डॉक्टरांना मी बोलावलं. त्यांनी नळी लावली, ताईला कुशीवर वळवलं, पाठीत दोन थापा मारल्या. आवाज थांबला. घवाल्यांनी भिंत धरली. तेवढ्यात ताई खोकली, डोळे उघडले, दारातली गर्दी पाहिली आणि म्हणाली, "कोण गेलं?"

कफ साठला होता, एवढंच. उताणं झोपल्यामुळे घोरत होती. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, वाफ घ्यायला सांगितली आणि घवाल्यांकडे असं पाहिलं की ते पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गर्दी पांगली, चुलत बहीण तेवढी जराशी रुसून गेली. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात शिरले. मधे दार नव्हतं, सगळं दिसत होतं.

"मेले असते तर चिठ्ठी पुरी झाली असती की रे तुझी," ताई म्हणाली.

"मला नाही लिहायची ती," घवाले म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. "तुझ्यामागे मला कोण आहे?"

ताईनं त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "बाकीचे अर्थ झाले? पहिला कुठला लिहिलास?"

"जात्याचा."

"तो कुठं ऐकलास?"

"लहानपणी. आई दळायची आणि मी तिच्या मांडीवर. तेवढीच आठवण आहे मला तिची."

ताईनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास, राजा. आणि जातं बाबांनी तेराव्याच्या आत देऊन टाकलं. बघवायचं नाही त्यांना."

"मग मी ऐकलं ते?"

"तू झोपायचा नाहीस. जात्याच्या आवाजाची सवय लागलेली. मला गाणंबिणं कुठं येत होतं? मग मांडीवर घेऊन घशातूनच काढायचे तो आवाज. चांगला पाच वर्षांचा होईस्तोवर काढायला लावलास."

घवाल्यांनी आयुष्यभर आईची म्हणून जपलेली ती मांडी समोर पलंगावर शाल गुंडाळून बसली होती. त्यांनी हात पुढे केला आणि तिचं पाऊल धरलं.

"पड जरा," ताई म्हणाली. "सकाळपासून अख्ख्या गोतावळ्याला रडवलंस, दमला असशील."

ते तिच्या पायाशी आडवे झाले, गुडघे पोटाशी घेऊन, कारण पलंग पुरत नव्हता. ताईनं घसा खाकरला आणि आवाज काढायला सुरुवात केली. कफामुळे मधेच तुटत होता, पण ती पुन्हा धरत होती. मी चहाखालचा गॅस बंद केला. थोड्या वेळानं घवाल्यांना झोप लागली, तरी ती थांबली नाही.