एकाच दाराचे दोन फोटो

त्या कंटेनरच्या दाराचे बोल्ट अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. निवृत्त होण्याआधी मी जबलपुरात रांझीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या एका व्यापाऱ्याने सलवार-सूट कंटेनरमध्ये भरून, सील लावून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराकडे पाठवले. परदेशात कंटेनर उघडला, तर निम्म्या खोक्यांत विटा. सील मात्र शाबूत. व्यापाऱ्याने ट्रकचालकाविरुद्ध फिर्याद दिली.

खबऱ्याने सांगितले, ट्रक नागपुरात बराच वेळ उभा होता. चालक जबलपुरातल्याच महाराजपूरचा. चौकशीत तो म्हणाला, कुठे थांबलोच नाही. एक खोटे पकडले गेले की माणूस पोलिसांच्या नजरेत निम्मा गुन्हेगार ठरतो. मी त्याला अटक केली.

मग त्याची बायको ठाण्यात आली. "साहेब, ते दर खेपेला दीक्षाभूमीवर माथा टेकतात. मालकाला कळलं तर कामावरून काढून टाकेल, म्हणून बोलून नाही राहिले. चोरी काहून करतील?" मला ते पटले. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

कंटेनर तिथे कोणी उघडला का, हे विचारणारे पत्र बंदराला पाठवले. उत्तर आले, जमीन आमची, पण माल हाताळणे आमच्याकडे नाही. ही सरकारी टोलवाटोलवी मी नोकरीभर सोसली होती. चिडून स्वतःच निघालो.

तिथे पोचलो आणि चिडलो होतो हेच विसरलो. कंटेनरचे इमारतीएवढे ढीग, त्यांच्यावरून अलगद फिरणाऱ्या क्रेन, आणि पलीकडे आमच्याकडच्या खमरिया कारखान्याच्या क्वार्टरांची अख्खी ओळ मावेल असे जहाज. मी आजवर नर्मदेतल्या नावाच पाहिलेल्या. बंदर प्राधिकरणाच्या अधिकारी बाईंनी समजावले, "जमीन आणि समुद्रातला मार्ग सरकारचा. धक्का भाडेकराराने खासगी कंपनीकडे, क्रेनही तिच्याच. उत्पन्नातला वाटा ती आम्हाला देते. आम्ही घरमालक, ते भाडेकरू."

"मग चोर कोणाच्या वाट्याला?" मी विचारले.

बाई हसल्या. "म्हणून तर फोटो असतात, साहेब. फाटकातून कंटेनर आत आला की जबाबदारी कंपनीची. आधीचं खापर आपल्यावर फुटू नये म्हणून ती लगेच चारही बाजूंनी फोटो काढते. जहाजावर चढवताना पुन्हा काढते. आणि आम्ही मागितले की ते द्यायचे, ही अट करारातच घातली आहे."

दोन्ही फोटो शेजारी ठेवले. आत येताना दाराचे बोल्ट गंजलेले, जहाजावर चढताना कोरे करकरीत. सीलला हात न लावता बोल्ट काढून दारच उतरवले होते, तेही कंपनीच्या आवारात. त्या दिवसांत तिथे कंटेनर हलवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना ताब्यात घेतले. त्यांनी कबुली दिली, माल सापडला.

मी थक्क झालो. कंपनीने स्वतःच्या बचावासाठी लावलेल्या कॅमेऱ्याने तिच्याच आवारातला चोर दाखवला होता. खासगी कंपनीला दिले म्हणजे सरकारने हात झटकले, असे मी तोवर समजत होतो. पण करार लिहिणाऱ्या कोणीतरी, आमच्या चालकाला कधी न पाहता, एक अट घातली आणि त्यामुळे एक निर्दोष माणूस घरी गेला. कायदा फक्त आमच्या ठाण्यात राहत नाही, हे मला त्या धक्क्यावर कळले.

मी ट्रकच्या मालकाशी बोललो, चालकाला काम परत मिळाले. ते सांगायला तो बायकोसह ठाण्यात आला. जाताना दारात घुटमळला.

"साहेब, इतकी वर्षं माल नेऊन राहिलो, पण त्या ढिगांच्या मागचं जहाज कधी दिसलं नाही. कसं असते जी?"

मी खुर्चीतून उठलो आणि जहाजाची लांबी दाखवायला दोन्ही हात पसरले. ते पुरेनात, म्हणून आम्ही तिघे बाहेर रस्त्यावर आलो.