स्वच्छ पिच्चर

त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर.

"उतर खाली," वडीलसाहेब म्हणाले. "पिच्चर स्वच्छ आहे. शिवी नाही, दारू नाही, उघडं अंग नाही. आणखी काय पाहिजे तुला?"

वडीलसाहेब म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीचे मुख्य. आजोबापासूनचे ख्रिस्ती, मुरुम गावात दुमजली घर. मी वस्तीतली. ब्लाऊज शिवून पोट भरते. पण पिच्चरचं काम माझ्याकडं. नवा पिच्चर लागला की आधी मी बघायचा, अन् रविवारी आशीर्वादाच्या आधी उभं राहून सांगायचं, लेकराबाळांसोबत बघण्याजोगा हाय का न्हाय. आया मला रस्त्यात थांबवून विचारायच्या. लई अभिमान होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

ह्या नाताळात संडे स्कूलची पोरं टेंपोनं उमरग्याला पिच्चरला न्यायची ठरली. पिच्चर कमिटीनं आधीच निवडलेला. मी फक्त 'चांगला हाय' म्हणायचं होतं.

मी पोरीला घेऊन बघून आले. पिच्चरात मोठ्या घरचं लगीन. कामवालीचं पोरगं लाडवाच्या परातीला हात लावतं. घरातली म्हातारी अख्खी परात कुत्र्यापुढं ओतती, अन् हिरो त्या पोराला कान धरून नाचायला लावतो. थेटरात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. माझी पोरगीबी हसली. मग माझ्याकडं बघून गप झाली. बाहेर आल्यावर म्हणली, "आई, त्यानं हात लावल्यावर लाडू खराब झाले व्हते का?"

रविवारी मी हेच मंडळीला सांगितलं. म्हणलं, हा पिच्चर आपल्या पोरांना दाखवू नका. तेवढ्यावर माईक गेला.

"तुम्हा लोकांना सगळीकडं जातच दिसते," वडीलसाहेब त्याच माईकवरून म्हणाले. "ख्रिस्तात आलात तरी वस्तीचं रक्त काही जात नाही."

पुढच्या बाकांवरचे हसले. उपासना घेणारे पाळकसाहेब पवित्र शास्त्र चाळत बसले. आमची माणसं मागं सतरंजीवर बसतात. मी तिथं आईशेजारी जाऊन बसले. आईची मान खाली. वाटलं, आता रडले तर ह्यांना तेच पायजे.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, भाकर अन् द्राक्षरसाचं. ट्रे फिरत फिरत शेवटी आमच्याकडं आला. बोटाएवढे प्याले, ज्याचा त्याला वेगळा. आई सांगायची, पूर्वी इथं एकच मोठा प्याला होता, सगळे त्यालाच ओठ लावायचे. आमची वस्ती मंडळीत आली अन् त्याच वर्षी हे छोटे प्याले आले. आरोग्यासाठी, असं सांगितलं. आमीबी माना डोलावल्या. इतकी वर्षं मी त्यातून निमूट प्याले. आज हात पुढं होईना. वडीलसाहेबांना त्या परातीत काहीच वावगं का दिसलं न्हाय, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

आईनं मांडीला चिमटा काढला. मी न पिताच ट्रे पुढं सरकवला.

घरी आल्यावर पोरीला जवळ घेतलं. म्हणलं, "लाडू चांगले व्हते. नासली व्हती ती म्हातारी."

मग वस्तीत दारोदार फिरले. दरेक आईला तो पिच्चर सांगितला, लाडवासकट. नाताळच्या तोंडावर टेंपो आला, हॉर्न वाजवत उभा राहिला. आमचं एकबी पोरगं त्यात बसलं न्हाय.

संध्याकाळी पाळकसाहेब दारात. "बाई, चार लोकांत माफी मागून टाका. माईक परत देऊ. वडीलसाहेबांचं मन मोठं आहे."

"पाळकसाहेब, मन त्यांचं त्यांच्याजवळ राहू द्या," मी म्हणलं. "माफी त्यांनी मागायची. माझी न्हाय, पोरांची."

ते चहा न घेता गेले.

पिच्चर मी बघणारच. शिवी हाय का, दारू हाय का, सांगीन. पण सगळ्यात आधी सांगीन, त्यात कुणाला हसलंय. माईक नसंल तर वस्तीतल्या पारावरून सांगीन.

अन् चर्च मी सोडणार न्हाय. ते कुणाच्या बापाचं न्हाय. येत्या रविवारी पोरीला घेऊन जाणार अन् पहिल्या बाकावर बसणार. वडीलसाहेब 'ऊठ' म्हणतील. मी उठणार न्हाय.