पूजेला मांडलेली बाटली

२६ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. मेहरूण. सकाळी लाइट गेली होती. जीवराम साडेचारलाच घरी आला. चहा नको म्हणाला.

पुष्पाबाईंनी डायरीत एवढं लिहून पेन ठेवलं. समोर धाकटा भाऊ चपला न काढताच बसला होता. एकतीस वर्षं तो कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत शिपाई होता. मंगळवारी निवृत्त होणार होता. "आमची ती टंगस्टनची पूड म्हणजे लग्नं जुळवणारी बाई," तो नेहमी सांगायचा. "ॲसिटिलीनच्या जातीचा तो पातळ द्रव, त्यातल्या सुट्या कणांचे हात एकमेकांच्या हातात देते. नारिंगी साखळी तयार. फक्त तिला ओल सोसत नाही."

प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या सावद्याच्या मेघाचा प्रबंध त्या पुडीवर अडला होता. शिष्यवृत्ती डिसेंबरपर्यंतच होती.

खंडेनवमीला जीवरामने तराजू, नळ्या, चंबू टेबलावर मांडले. शेवटची पूजा म्हणून ओल न शिरणाऱ्या कोरड्या पेटीतली ती पुडीची बाटलीही काढली. तोंडावरच्या हवाबंद मेणपट्टीला कुंकू चिकटेना, तेव्हा ती सोलली. फुलाने पाणी शिंपडलं. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून बाटली दोन दिवस तिथेच राहिली. बुधवारी त्याने ती पुसून गुपचूप पेटीत ठेवली. आज मेघाने उघडली, तर जांभळी पूड पिवळी पडलेली. ती टाकूनही द्रव पातळच राहिला. विभागाचे हेडसर सगळ्यांदेखत म्हणाले, "हात ओले असतील हिचे."

"अक्का, त्या पोरीले काय सांगू?"

"जे शे ते सांग. आणि हेडसरांपुढे सांग."

"मंगळवारी माझा सत्कार शे."

"मग त्याच्याआधी सांग."

शुक्रवारी त्याने सांगितलं. सरांनी नव्या बाटलीची मागणी लिहायला घेतली. मेघा म्हणाली, "काका, बाटली हवा न लागू देता कशी उघडायची, हे मला तुम्हीच शिकवलं होतं." नवी बाटली यायला तीन महिने लागणार होते. सोमवारी ती सामान घेऊन घरी, सावद्याला गेली.

मंगळवारी कॉलेजात सत्काराचे हार आणले होते. जीवराम गेलाच नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याने दुसऱ्या शिपायाच्या हाती पाठवला आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी पुष्पाबाईंनी डायरी उघडली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार. नळ पाऊण तास आला. जीवरामचे खाकी कपडे धुवून वाळत घातले.