पाठमोरे ड्रिलमास्तर

आमच्या ड्रिलमास्तरांइतका ताठ माणूस अख्ख्या बुलढाण्यात झाला नाही आणि आता होईल असंही वाटत नाही. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला, पण मास्तर होते तिथेच, होते तसेच, सावधान उभे. त्यांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत, चालीवरून येत. अंधारात कोणी गेलं तरी "डाव्या पायाचा चवडा बाहेर, म्हणजे पोस्टमन" असं ते खुशाल सांगत. बाजारात हमाल पोतं उचलताना दिसला की "कमरेनं नाही बे, मांड्यांनं उचल!" असं रस्त्याच्या पलीकडून ओरडत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाशी जाऊन नवऱ्यामुलाच्या कानात म्हणाले, "पोक काढू नका, आता जन्मभर वाकाचंच आहे." मी कोर्टात कारकून म्हणून चिकटलो तेव्हा अभिनंदन करायला म्हणून आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "खुर्चीत बसून राह्यला, का सांडून राह्यला बे?"

शाळेत त्यांची ख्याती वेगळीच. "सावधान!" म्हणाले की त्यांना कुणाची तरी मान वाकडी दिसे. ती सरळ करायला जात, तिथे शेजारच्याचा खांदा खाली, मग त्याच्या मागच्याचे गुडघे. या भानगडीत "विश्राम" म्हणायचं राहूनच जाई. तासाची घंटा होई, गणिताचे मास्तर शोधत मैदानावर येत आणि आम्ही आपले उन्हात उभे.

असे हे गृहस्थ माझ्या काकूच्या शेजारी राहत. मी काकूकडेच राहून नोकरी करत होतो. त्या हिवाळ्यात काकू पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि पडली. उजव्या हाताचं कोपराजवळ हाड मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता हात चालवत राहा. पण काकूने सुजलेला, आखडलेला हात पदराखाली ठेवून दिला तो दिलाच. तिचं दुःख हाताचं नव्हतंच, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचं होतं. काकू घाटाखालची, वरवट बकालची. तिच्या हातचे मांडे म्हणजे काय सांगू! पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. त्यात काकूचा हात धरणारी आमच्या घाटावर कोणी नव्हती. आणि यंदा लेक लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती, जावयासकट. "जावयाले पोळपाटावरच्या पोळ्या वाढू काय रे?" म्हणून काकू चक्क रडली. मलाही फार वाईट वाटलं.

मास्तरांना हे कळलं मात्र, त्यांनी त्या हाताचा ताबाच घेतला. पण अडचण अशी की काकू मास्तरांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, मग हात वर करणं दूरच. तेव्हा मास्तरांनी तोड काढली. रोज सकाळी ते अंगणात रस्त्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहत. काकू दाराच्या आत. आणि मास्तर गरजत, "हात वर! एक! अजून वर! दोन!" हात वर झाला की नाही हे कसं कळणार? तर बांगड्यांवरून. हात उचलला की बांगड्या मनगटावरून घरंगळत कोपराकडे येतात आणि वाजतात. "मले दिसत नाही वैनी, पण ऐकू येते," असा त्यांचा दम असे. रस्त्याने जाणाऱ्यांचे मात्र हाल होत. बाजाराला निघालेल्या एका शेतकऱ्याने तर डोक्यावरचं गाठोडं खाली टाकून दोन्ही हात वर केले आणि "काय झालं हो साहेब?" म्हणून थरथरत उभा राहिला.

बांगड्या रोज वाजत होत्या. "वाजल्या! शाब्बास!" म्हणत मास्तर खूश. साऱ्या गावाला सांगत सुटले की वैनींचा हात आता आभाळाला लागतो. अशात आखाजीच्या तोंडावर मन्यारीण चाची बांगड्या भरायला आली. मास्तर अंगणात पाठमोरे होतेच. चाचीने काकूचा उजवा हात हातात घेतला आणि ओरडलीच, "या अल्ला, इसमें तो चूडी जातीच नै! काऊन व बाई, या हातात नुसता धागा? साऱ्या बांगड्या डाव्यातच?"

प्लास्टरच्या वेळी उजव्या हातातल्या बांगड्या काढून नुसता धागा बांधला होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. इतके दिवस मास्तरांची शाबासकी धडधाकट डावा हात खात होता.

"तुमी ओरडत होते मास्तर, मले भेव वाटे," काकू आतून रडवेल्या आवाजात म्हणाली. "तो हात दुखे. मंग मी हा डावा वर करत होती."

मास्तर ओट्यावर बसले. चांगले पोक काढून बसले. मी ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. मान न वळवता, ज्या आवाजात ते कधी कोणाशी बोलले नसतील अशा आवाजात म्हणाले, "वैनी, मांडा कसा करता तुमी? मले खायाचाच माहीत."

काकू सांगू लागली. उंडा असा घ्यायचा, असा झेलायचा. आणि सांगता सांगता पदराखाली तो उजवा हात हलला. "मास्तर, हलला!" मी ओरडलो.

"तू ओरडू नको बे," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून 'एक-दोन' बंद, 'हात वर' बंद. मास्तरांनी स्वतःचा पंचा ओला करून, पिळून आत पाठवला. तो मांडा समजायचा. "येऊ द्या कोपरावर. हळू. फाटू देऊ नका, पुरण सांडन." दुखलं तर खुशाल थांबायचं. "हात काय ड्रिल करायले दिला आहे का देवानं? कामाले दिला," असं तेच आता आम्हाला ऐकवू लागले. सूज उतरली तशी चाचीने मोठ्या मापाच्या बांगड्या आणून उजव्या हातात भरल्या, आणि डाव्यात फक्त एक ठेवली. "एकटी चूडी बजती नै मास्तर," ती हसून म्हणाली. "अब फसवून दाखव म्हणा बाईले!"

आखाजीला लेक-जावई आले. परसात चूल पेटली. मास्तर जेवायला आले आणि सवयीने चुलीकडे पाठ करून उभे राहिले. पहिला मांडा फाटला. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाली, "राहू दे व माय." काकूने ऐकलं नाही. दुसरा उंडा घेतला, झेलला, फिरवला, हात जेमतेम वर गेला, आणि मोठ्या मापाच्या त्या बांगड्या घरंगळत कोपराशी गेल्या आणि वाजल्या. मांडा खापरावर पडला. जरा वाकडा होता, पण मांडा होता.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. उपरणं डोळ्यांना लावलं आणि हळूच म्हणाले, "विश्राम, वैनी. विश्राम."

आता मास्तर नाहीत, काकूही नाही. मांडे तिची लेक करते, आणि आखाजीला मला आवर्जून बोलावते. बांगड्या वाजल्या की खुर्चीत सांडलेला मी आपोआप ताठ बसतो. विश्राम म्हणणारं मात्र आता कोणी नाही.