कपाळावरचं बोट

हाडं, सांधे, स्नायू शिकवताना चौथीच्या वर्गात मी एक गंमत करते. एखाद्या मुलीला खुर्चीत ताठ बसवते, तिच्या कपाळावर एक बोट टेकवते आणि म्हणते, "ऊठ बघू!" तिला उठताच येत नाही, कारण पुढे झुकल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही. वर्ग खदखदून हसतो.

आज तोच धडा शिकवून घरी आले, तर बाबा खुर्चीतून उठत होते. पुढे झुकले, हातांवर जोर दिला आणि पुन्हा मागे बसले. "उठतो गं, घाई काय आहे?" म्हणाले. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

शरीर कसं हलतं, एवढंच मी शिकवते. ते ऐकेनासं कधी होतं, हे मलाही कुणी शिकवलेलं नाही.

बाबांच्या कपाळावर तर कुणाचंच बोट नव्हतं.