उमेळ्याच्या कपाटातलं ग्रंथालय

ॲन्सेल्म निवृत्त झाला त्या आठवड्यात त्याच्या आईने त्याला कामाला लावलं. "मार्थाने काय लिहून ठेवलंय ते मला वाचून दाखव. मग मी मरायला मोकळी."

तेरेसाबाई नव्वदीच्या होत्या आणि मरायची त्यांना काहीच घाई नव्हती. पण एक गोष्ट अडून राहिली होती. त्यांची थोरली बहीण तरुणपणीच पुण्याच्या एका नव्या मठात गेली, सिस्टर मार्था झाली आणि काही वर्षांनी तिथेच टायफॉइडने वारली. बाबांनीच तिला मठात धाडलं, हे तेरेसाबाईंनी लहानपणी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या घरच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावत. बाबांची तेवढी सोडत. कोणी विचारलंच तर म्हणत, "तिथे वारा असतो. विझते."

मठातल्या सुरुवातीच्या सिस्टर्सनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या कधी छापल्या गेल्या नाहीत. ॲन्सेल्मने मठाच्या ग्रंथालयात फोन लावला.

"सिस्टर मार्थांची वही आहे," तिथल्या सिस्टर ब्रेंडा म्हणाल्या. "पण आम्ही माणसांना देत नाही. ग्रंथालयांना देतो."

आईला पुण्याला नेणं शक्य नव्हतं. एकट्याने जाऊन वाचून येतो म्हटलं, तर ती म्हणाली, "तू गोड करून सांगशील."

मग तो उमेळ्याच्या आपल्या चर्चमध्ये फादर फ्लॉईडकडे गेला.

"फादर, आपल्या ग्रंथालयासाठी एक वही मागवायची आहे."

"आपल्याला ग्रंथालय आहे?"

"तुम्ही टेकलाय त्याला."

फादर बाजूला झाले. मागच्या कपाटावर खरोखरच रंगाने 'ग्रंथालय' असं लिहिलेलं होतं. आत संतांची चरित्रं, केळीच्या रोगांवरचं एक पुस्तक आणि नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातले दोन मातीचे उंट होते. ॲन्सेल्मने उंट हलवले, माणिकपूरहून शिक्का करून आणला आणि अर्ज धाडला. पुण्याहून वही आली, सोबत अट आली: ग्रंथालयाबाहेर नेऊ नये. म्हणून मग तेरेसाबाईच रिक्षाने आल्या आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या.

ॲन्सेल्मने पहिली ओळ वाचली. "माझा जन्म मंगळूरला झाला."

"ही आमची नव्हे," तेरेसाबाई म्हणाल्या. "उठव मला."

ॲन्सेल्मने पुण्याला फोन केला. सिस्टर ब्रेंडांनी शांतपणे समजावलं: त्या मठात एखादी सिस्टर वारली की तिचं नाव पुढच्या नव्या मुलीला देत. ही दुसरी मार्था. पहिलीने काही लिहिलेलं नाही. आणि तिचं बाप्तिस्म्याचं नाव सांगायला हवं होतं हे ॲन्सेल्मच्या ध्यानातच आलं नव्हतं. झगा घातल्यापासून घरात तिला मार्था मावशीच म्हणत.

"आता मागवलीच आहेस तर वाच," आई म्हणाली. "रिक्षा फुकट नको जायला."

मंगळूरच्या मार्थाने स्वयंपाकघराबद्दल बरंच लिहिलं होतं. तेरेसाबाई पेंगू लागल्या. मग ॲन्सेल्मचा आवाज बदलला.

"'मला मेलेल्या सिस्टरचं नाव मिळालं. ती घरी न सांगता आली होती, असं थोरल्या सिस्टर्स सांगत. वडील तिला परत न्यायला यायचे. केळ्यांचा घड घेऊन फाटकाशी बसायचे. ती भेटायला गेली नाही. केळी मात्र आम्हाला तिच्या मागेही येत राहिली.'"

तेरेसाबाई खुर्चीत सरळ बसल्या. "कुठली केळी?"

"राजेळी, असं लिहिलंय."

"आमच्या विहिरीकडची," त्या म्हणाल्या. "आम्हाला सांगायचे, बाजाराला जातो." आणि जरा थांबून, "तिचंही डोकं बाबांसारखंच. दगड."

"परत वाचू?"

"नको. ऐकलं मी. जाऊ दे त्यांची वही त्यांना."

ॲन्सेल्मने वही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि उंट कपाटात ठेवले.

दोन नोव्हेंबरला तेरेसाबाईंनी मेणबत्त्यांच्या पाकिटातून एक जादा काढली आणि बाबांच्या कबरीसमोर उभ्या राहिल्या. ॲन्सेल्मने लावली. लगेच विझली.

"इथे वारा असतो," तो म्हणाला.

"मग आड उभा राहा," आई म्हणाली. "परत लाव."