हाताने घातलेली जोडणी

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी मुलगा तिला भेटायला वेळेत पोचला नाही. ऑफिसात काम अडकलं होतं म्हणे.

कल्याणच्या दवाखान्यात आयसीयूत भेटायची वेळ चार ते पाच. मी चारच्या ठोक्याला आत गेलेलो. हा ठाण्याहून "निघतोय, निघतोय" असा फोन करत राहिला. पाच वाजता मला बाहेर काढलं. हा सहाला आला, धापा टाकत. वॉचमनच्या पाया पडला, तरी सोडलं नाही. पहाटे ती गेली.

तेराव्यापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पुढेही मीठ दे, पंखा लाव, एवढंच. चार महिन्यांनी एका रविवारी हा टिटवाळ्याला आमच्या घरी लॅपटॉप उघडून बसलेला. मी म्हटलं, "तुझ्या आईपेक्षा मोठं काम कसलं होतं ते सांग. मी सातवी शिकलेला माणूस. मला कळेल असं सांग."

तो म्हणाला, "डेटाबेसमधून माहिती काढून आणायला मी स्वतःचे क्लास लिहिलेत, बाबा. क्लास म्हणजे एकेका कामाचा साचा. फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, जे क्लास स्वतः बनवतं, त्यांना लागेल ते आपणहून देतं. डेटाबेसची जोडणीसुद्धा. माझे क्लास आम्ही त्याच्या बाहेर बनवतो. त्यांना कोण देणार?"

"मग?"

"मग रिफ्लेक्शन. प्रोग्राम चालू असतानाच क्लासच्या आत काय काय आहे ते बघायचं, जोडणीची बंद जागा शोधायची, तिचं कुलूप उघडायचं आणि जोडणी हाताने आत घालायची."

"चोरासारखी."

"तसंच समजा."

त्या दिवशी झालं असं की ऑफिसातल्या नव्या मुलीने तोच क्लास दुसऱ्या ठिकाणी बनवला. बनवल्यावर जोडणी हाताने घालावी लागते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. क्लास वरून धडधाकट. माहिती मागितली की कोसळला. तो प्रोग्राम वापरणाऱ्या कुठल्यातरी गोदामातले ट्रक फाटकात उभे राहिले.

"म्हणजे पंखा टांगला, वायर जोडलीच नाही," मी म्हटलं. मी वायरमन होतो.

"अगदी बरोबर."

"मग फोनवर सांगायचंस पोरीला."

"सांगितलं हो. तिला सापडेना. अशा सात जागा होत्या, आणि कुठल्या ते मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं."

"सरळ रस्ता नव्हता?"

"होता. क्लास बनवतानाच जोडणी मागायची. दिली नाही तर क्लास बनतच नाही, चूक तिथल्या तिथे कळते. दोन दिवसांचं काम होतं. मी टाळलं." मग खाली मान घालून म्हणाला, "खरं सांगू? सगळे मलाच बोलवायचे. बरं वाटायचं."

माझ्या तोंडावर शिवी आलेली. ती तिथेच अडली.

मी कोलशेतच्या कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा तिथल्या एका मशीनचा स्विच खराब होता. मी पॅनेलच्या मागून एक वायर फिरवून मशीन चालू केलेलं. वायरिंगच्या नकाशात दाखवली नाही, कोणाला सांगितली नाही. मशीन थांबलं की मला न्यायला जीप यायची. चाळीतली माणसं बघायची, छाती फुगायची. एका रविवारी अशीच जीप आली. बायकोला सातवा महिना होता, सकाळपासून पोटात दुखत होतं. मी गेलो. शेजारणीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आमचं पहिलं मूल त्या दिवशी गेलं. संध्याकाळी मी तिला वर म्हणतो, "माझ्याशिवाय मशीन हलत नाही गं." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मग मशीनशीच लग्न लावायचं होतंत."

मुलाने लॅपटॉप मिटला. "बाबा, आयसीयूतल्या त्या तासात आई काय बोलली? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

गोड खोटं मला कधी जमलं नाही. म्हटलं, "दर पाच मिनिटांनी विचारत होती, आला का? शेवटी म्हणाली, त्याला रागावू नका."

तो रडला. मी पाठीवर हात ठेवला नाही. कोलशेतची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. त्याला वाटलं असतं, आपण एकटेच नाही. पण नाही सांगितली. बापापुढे मान खाली घालून बसलेला मुलगा मला तसाच हवा होता.